ढाल कोणाच्या घरी?



सहामाही परीक्षा संपली का? पेपर कसे गेले हे मी विचारणार नाही, घाबरू नका! दिवाळीच्या सुट्टीआधी आज मी तुम्हाला एका भांडणाची गोष्ट सांगणार आहे. हे भांडण माझ्याच वर्गातलं आहे. आणि त्यात थोडी चूक माझीही आहे. हो, गुरुजीसुद्धा चुकतात. आता कसे कान टवकारलेत!

माझी शाळा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात आहे. सातवीपर्यंतची शाळा. खिडकीतून बाहेर पाहिलं की पऱ्हाटीची शेतं दिसतात. कापूस फुटला की वर्गातली हजेरी थोडी रोडावते, कारण घरची सगळी माणसं वेचणीला जातात आणि लहान भावंडं सांभाळायला मोठ्यांना घरी राहावं लागतं. अशा या शाळेत दोन मित्र आहेत. त्यांची खरी नावं सांगत नाही, कारण हा अंक ती दोघं वाचणारच! आपण एकाला खंजिरीवाला म्हणू आणि दुसऱ्याला पेटीवाला.

कोल्हापूरकडच्या किंवा मुंबईच्या काही मुलांना खंजिरी कदाचित ठाऊक नसेल. लाकडाचं एक गोल कडं असतं. त्याच्या एका बाजूला कातडं ताणून बसवलेलं असतं आणि कड्याच्या खाचांमध्ये पितळेच्या छोट्या चकत्या असतात. कातड्यावर बोटं पडली की थाप वाजते आणि चकत्याही छनछनतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज हीच खंजिरी हातात घेऊन भजनं म्हणत. त्यांचा जन्म १९०९ सालचा, आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावचा. त्याच जिल्ह्यात मोझरीला त्यांचा आश्रम आहे. ते गेले १९६८ साली, पण आमच्या विदर्भात गावोगावी अजून खंजिरी भजनाच्या स्पर्धा होतात. लहान मुलांचा गट वेगळा असतो. मोठी माणसं रात्र रात्र जागून ऐकतात.

तर आमचा खंजिरीवाला गायचा आणि खंजिरी वाजवायचा. पेटीवाला त्याला हार्मोनियमची साथ करायचा. पेटी काही त्याची स्वतःची नाही. ती मारुतीच्या देवळातली. तिच्या दोन पट्ट्या दाबल्या की दाबलेल्याच राहतात, त्या नखाने उचलाव्या लागतात. तशा पेटीवर हा मुलगा देवळातल्या एका आजोबांचं बघून बघून शिकला.

गेल्या वर्षीच्या नवरात्रात तालुक्याच्या गावी एका दुर्गा मंडळाने भजन स्पर्धा ठेवली होती. मी या दोघांना घेऊन गेलो. तेव्हा ते सहावीत होते. संध्याकाळी नेमका पाऊस आला. दमट हवेत खंजिरीचं कातडं सैल पडतं आणि थाप बसल्यासारखी, भदभद वाजते. आमचा नंबर जवळ आला आणि खंजिरीवाल्याचं तोंड रडवेलं झालं. तेव्हा पेटीवाल्यानेच खंजिरी घेतली, समोरच्या चहाच्या टपरीवर गेला आणि चहावाल्या काकांच्या शेगडीवर लांबून लांबून शेकून आणली. कातडं ताठ झालं. थाप टणकन वाजली. दोघं मंचावर चढले आणि पहिला नंबर घेऊन उतरले!

बक्षीस होतं ५०१ रुपये, दोघांची नावं असलेलं एक प्रमाणपत्र आणि एक भली मोठी ढाल. परत येताना काळ्यापिवळ्या जीपमध्येच हिशेब झाला. अडीचशे तुला, अडीचशे मला, उरलेला एक रुपया देवीच्या पेटीत आधीच टाकून आलेले. प्रमाणपत्राची झेरॉक्स काढायचं ठरलं. पण ढाल? ढाल काही अर्धी कापता येत नाही आणि तिची झेरॉक्सही निघत नाही! शेवटी ठरलं, एक आठवडा तुझ्या घरी, एक आठवडा माझ्या घरी. मला वाटलं, किती शहाणी मुलं आहेत. मी निवांत झोपलो.

पण मुलांनो, खरी परीक्षा स्पर्धेच्या दिवशी नव्हती. ती दुसऱ्या दिवशी सुरू झाली.

मंडळातल्या कोणीतरी मोबाइलवर त्यांच्या भजनाचा व्हिडिओ काढला होता. तो आजूबाजूच्या गावांत फिरला. व्हिडिओत खंजिरीवाला छान दिसत होता, डोळे मिटून, मान हलवत गाणारा. आणि पेटीवाला? त्याचं फक्त एक कोपर दिसत होतं. पेटी ऐकू येत होती, वाजवणारा दिसत नव्हता.

मग कोणाच्या घरी बारसं असलं की खंजिरीवाल्याला बोलावणं येऊ लागलं. जयंतीचा कार्यक्रम असला की त्याला बोलावणं. तिथे पेटीवर दुसरंच कोणीतरी मोठं माणूस असायचं. लोक त्याच्या हातात दहा-वीस रुपये ठेवायचे, पाठ थोपटायचे. ढालीचा आठवडा संपला तरी ढाल त्याच्याच घरी राहिली. पाहुणे यायचे ना ती बघायला! पेटीवाल्याने एकदा विचारलं, दोनदा विचारलं, मग विचारणंच सोडलं.

आता माझी चूक सांगतो. २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर सगळा गाव शाळेच्या पटांगणात बसला होता. माईक माझ्या हातात होता. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "आता आपल्यापुढे येत आहे आपल्या शाळेचा लाडका गायक!" आणि एकच नाव घेतलं. टाळ्या पडल्या. खंजिरीवाला पुढे आला. पेटीवाला मागून पेटी उचलून आणत होता. पेटी चांगली जड असते. त्याने ती एकट्याने आणली, खाली ठेवली, साथ केली आणि परत उचलून नेली. मला त्या वेळी काही जाणवलं नाही.

सोमवारी तालमीला पेटीवाला आलाच नाही. मी त्याला शाळेच्या ओट्यावर बसवून विचारलं, "काऊन रे, येत नाहीस?"

तो म्हणाला, "सर, मले नाही वाजवायची पेटी. सगळं तोच तर गाते. मी कायले पाहिजे?"

"अरे, पण ढाल तुम्हा दोघांची आहे."

"त्याच्या घरी हाय. अन् तुम्हीच तर त्याचंच नाव घेतलं झेंडावंदनाले."

मुलांनो, त्या दिवशी मला भाकरी गोड लागली नाही. खरंच, मी एकच नाव घेतलं होतं. डोळे मिटून गाणारा मुलगा सगळ्यांना दिसतो. त्याचा 'सा' धरून बसलेला मुलगा मात्र व्हिडिओ काढणाऱ्याला दिसत नाही आणि गुरुजींनाही दिसत नाही.

शनिवारी आमची सकाळची शाळा असते. त्या शनिवारी मी फळ्यावर दोन नावं लिहिली : अजय-अतुल. वर्गात एकच कल्ला! त्यांची गाणी कोणाला माहीत नाहीत? लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत, सगळीकडे तीच. मी म्हटलं, "गाणी तुम्हाला पाठ आहेत. आज माणसांची गोष्ट ऐका." तीच गोष्ट तुम्हालाही सांगतो.

अजय आणि अतुल गोगावले हे सख्खे भाऊ. अतुल मोठे, जन्म १९७४ चा. अजय धाकटे, १९७६ चे. वडील महसूल खात्यात नोकरीला. त्यामुळे दोघांचं लहानपण पुणे जिल्ह्यात जुन्नर, शिरूर अशा भागांतल्या गावांमध्ये गेलं. घरात गाण्याबजावण्याची परंपरा नव्हती. घरी एकही वाद्य नव्हतं. पण नाद मोठा! मग या भावांनी काय युक्ती केली असेल? ज्यांच्याकडे वाद्यं होती त्यांच्याशी त्यांनी दोस्ती केली! कोणाकडे पेटी, कोणाकडे ढोलकी. देवळात वाजव, शाळेत वाजव, गावातल्या बँडमध्ये वाजव, असं करत दोघं शिकले. आमच्या पेटीवाल्यासारखंच नाही का? मी हे वाक्य बोललो तेव्हा मुद्दाम त्याच्याकडे पाहिलं नाही. पण तो ताठ बसला, हे मला दिसलं.

शाळेत असताना दोघं एनसीसीच्या एका स्पर्धेत उतरले. सगळ्यांना माहीत असलेलीच एक रचना त्यांनी वाजवली, पण जशीच्या तशी नाही. त्यात स्वतःचा थोडा बदल केला. आणि बक्षीस मिळवलं!

आता इथे थांबा आणि विचार करा. बक्षीस मिळाल्यावर तुम्ही काय केलं असतं? पुढच्या वर्षी तीच रचना तशीच वाजवली असती? मीही कदाचित तेच केलं असतं. एकदा नंबर आला की तीच वाट बरी वाटते. पण या दोघांनी बक्षिसाकडे पाहायचं सोडून दुसऱ्याच गोष्टीकडे पाहिलं. आपण केलेला बदल लोकांना आवडला, म्हणजे आपल्याला नवीन काहीतरी रचता येतं, हे त्यांना कळलं. त्या दिवसापासून दोघांना चाली रचायचा ध्यास लागला. पुढे वडिलांनी त्यांना कीबोर्ड आणून दिला. त्याच्यावर त्यांची बोटं पळू लागली.

शाळेतलं बक्षीस आणि मोठं नाव, या दोहोंच्या मध्ये किती वर्षं गेली बघा. अतुल तिशीच्या घरात आले तेव्हा कुठे, २००४ साली, 'अगं बाई अरेच्चा!' आणि 'सावरखेड : एक गाव' या चित्रपटांची त्यांची गाणी गाजली. पुढे 'जोगवा' चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो २००८ सालच्या चित्रपटांसाठीचा पुरस्कार होता. त्याच चित्रपटातल्या गाण्यासाठी गायक हरिहरन आणि गायिका श्रेया घोषाल यांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. म्हणजे गाणाऱ्यांचाही मान झाला आणि चाल बांधणाऱ्यांचाही. २०१६ साली 'सैराट' आला. त्यासाठी त्यांनी थेट अमेरिकेत, हॉलिवूडमधल्या स्टुडिओत सिम्फनी ऑर्केस्ट्राचं वादन ध्वनिमुद्रित केलं. कितीतरी वादक एका वेळी बसून वाजवतात, प्रत्येकाच्या समोर त्याचा त्याचा स्वरलिपीचा कागद. त्या गाण्यांवर तुम्ही नाचता तेव्हा त्यातल्या एका तरी व्हायोलिनवाल्याचा चेहरा तुम्हाला माहीत असतो का? नसतो. पण ती व्हायोलिनं काढून घेतली तर गाणं लंगडं होईल.

एवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, त्यायची ढाल कोणाच्या घरी असन?"

सगळा वर्ग हसला. खंजिरीवाल्याने मान खाली घातली.

मी म्हटलं, "ते मला माहीत नाही. पण एक गंमत सांगतो. मोठा भाऊ कोण?"

"अतुल!"

"आणि नाव कोणाचं आधी येतं?"

वर्ग क्षणभर गप्प झाला. अजय-अतुल! धाकट्याचं नाव आधी, मोठ्याचं मागून. आणि इतकी वर्षं झाली तरी मधली ती आडवी रेघ तशीच आहे. त्या रेघेवर त्यांचं घर उभं आहे म्हणा ना!

मग एका मुलीने विचारलं, "सर, हे सगळे तिकडचेच काऊन? आपल्या इकडचं कोणी नाही का?"

आहे की! यवतमाळहून एसटीत बसून नेरवरून अमरावतीला जा. त्या अमरावती जिल्ह्यात भातकुली तालुक्यात खारतळेगाव नावाचं खेडं आहे. वैशाली भैसने-माडे ही गायिका तिथली. २००८ साली झी मराठीवरची 'सा रे ग म प' स्पर्धा तिने जिंकली. दुसऱ्याच वर्षी, २००९ मध्ये, हिंदीतली 'सा रे ग म प चॅलेंज' ही स्पर्धाही जिंकली. वऱ्हाडातल्या खेड्यातली मुलगी देशभरच्या गायकांमध्ये पहिली आली, तेव्हा आमच्याकडे केवढा आनंद झाला असेल, तुम्हीच कल्पना करा.

पण पुढचं ऐका. 'बाजीराव मस्तानी' हा चित्रपट आला २०१५ साली. त्यातलं पिंग्याचं गाणं तिने श्रेया घोषालबरोबर गायलं आणि ते घरोघरी पोहोचलं. २००९ आणि २०१५. वजाबाकी करा. सहा वर्षं! तुम्ही पहिलीतून सातवीत जाता तेवढा काळ. टाळ्या संपल्यावरही गात राहिली म्हणून ती त्या गाण्यापर्यंत पोहोचली. आणि त्या गाण्यात दोघी आहेत. श्रेया घोषालही लहानपणी 'सा रे ग म' च्याच मंचावरून पुढे आलेली. एकीचा आवाज थांबतो तिथे दुसरीचा सुरू होतो. तिथे 'माझी ढाल, माझी ढाल' केलं असतं तर पिंगा झालाच नसता, फुगडीतच हात सुटले असते!

आता दोन शब्द पालकांसाठी. मुलांनो, हा भाग आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवा.

पालकहो, २००८-०९ मध्ये झी मराठीवर झालेलं 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स' तुम्हाला आठवत असेल. तेव्हा तुमच्यातले काही जण स्वतःच शाळेत असाल. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत ही पाच मुलं अंतिम फेरीत होती. विजेती ठरली आळंदीची कार्तिकी. पण लोकांनी पाचही जणांना 'पंचरत्न' म्हटलं आणि ते नाव टिकलं. २०२१ साली हेच पाच जण त्याच स्पर्धेत परीक्षकांच्या खुर्चीत बसले. रोहित पुढे हिंदीतल्या 'इंडियन आयडॉल' च्या अकराव्या पर्वात उपविजेता झाला. प्रथमेश आणि मुग्धा यांचं २०२३ च्या डिसेंबरात लग्न झालं आणि ते दोघं मंचावर जोडीनं गातात. पहिला नंबर एकीचा होता, पण गाणं पाचही जणांचं राहिलं.

हे मी का सांगतोय? आपल्या मुलाचा नंबर आला की आपण व्हिडिओ काढतो, नातेवाइकांना पाठवतो. जरूर पाठवा. पण मोबाइल थोडा मागे धरा, म्हणजे शेजारी बसलेलं दुसऱ्याचं पोरही त्यात येईल. आणि नंबर आल्यावर "आता पुढची स्पर्धा कधी?" असं विचारण्याआधी "आता नवीन काय शिकतोस?" असं विचारून बघा. मी स्वतः चुकलो आहे, म्हणून हक्काने सांगतोय.

चला, आता परत आपल्या दोघांकडे.

तुम्हाला वाटलं असेल, गोष्ट ऐकली आणि दोघांनी तिथल्या तिथे गळ्यात गळे घातले. छे! तसं पुस्तकातल्या धड्यात होतं. त्या शनिवारी सुट्टी झाल्यावर दोघं वेगवेगळ्या वाटेने घरी गेले. मी मात्र पुढच्या कार्यक्रमाला दोन्ही नावं घेतली, आणि पेटी उचलायला स्वतः हात लावला. पेटीवाला वाजवायला आला, पण खंजिरीवाल्याशी बोलायचा नाही.

उन्हाळा गेला. जूनच्या शेवटी शाळा उघडली. मुलं सातवीत आली. आणि पहिल्याच तालमीला घात झाला. खंजिरीवाल्याने वरचा सूर लावला आणि आवाज चर्रकन फाटला. पुन्हा लावला, पुन्हा फाटला. पोरं हसली. तो लालबुंद झाला आणि खंजिरी ठेवून पळाला. ज्या आवाजाने ढाल मिळवली तो आवाजच पळाला होता!

मोठ्या मुलांना हे माहीत असेल. साधारण बारा ते पंधरा या वयात मुलग्यांचा आवाज फुटतो. आपल्या घशात स्वरयंत्र असतं. त्यात दोन स्वरतंतू असतात. श्वास बाहेर येताना ते थरथरतात आणि आवाज निघतो. या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. सतारीची जाड तार बारीक तारेपेक्षा खाली बोलते ना? तसंच. आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. उतरता उतरता काही महिने तो कधी वर, कधी खाली उड्या मारतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण थोडासाच. हा आजार नाही. यात लाजण्यासारखं काही नाही आणि हसण्यासारखं तर मुळीच नाही. त्या काळात ओरडायचं नाही, वरचे सूर ओढून ताणून लावायचे नाहीत, खालच्या सुरात हळू गायचं. पाणी भरपूर प्यायचं.

हे सगळं मी खंजिरीवाल्याला समजावलं. पण त्याचं एकच, "सर, माहं गाणं संपलं." बारशाची बोलावणी थांबली होती. व्हिडिओ बघणारे लोक दुसरा व्हिडिओ बघू लागले होते.

आणि मग एके दिवशी शाळा सुटल्यावर मी देवळावरून जात होतो. आतून पेटीचा आवाज आला. पेटीवाला एकटाच बसला होता. तेच स्पर्धेतलं भजन वाजवत होता, पण अडखळत होता, चुकत होता. मला नवल वाटलं. हे तर त्याला झोपेतही येतं!

मी विचारलं, "काय रे, विसरलास का?"

तो म्हणाला, "नाही सर. आम्ही काळी चारमधी म्हणत होतो. आता त्याले ते झेपत नाही. म्हणून मी काळी दोनमधी बसवून राहिलो. सगळे बोटं बदलते, म्हणून चुकते."

ज्यांना पेटी येते त्यांना यातलं कष्ट कळेल. पट्टी बदलली की तेच गाणं पेटीवर दुसऱ्याच जागी जातं. काळ्याच्या जागी पांढरी येते, पांढरीच्या जागी काळी. ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही, वाजवणाऱ्याच्या बोटांना मात्र सगळं नव्याने शिकावं लागतं. हा मुलगा दोन आठवडे, कोणाला न सांगता, मित्राच्या बदललेल्या आवाजासाठी आपली बोटं बदलत होता. ज्याच्याशी तो बोलत नव्हता त्याच्यासाठी!

दुसऱ्या दिवशी मी काही बोललो नाही. फक्त खंजिरीवाल्याला संध्याकाळी देवळात पाठवलं. आत काय झालं ते मला माहीत नाही. मी बाहेर चपला घालून उभा होतो. थोड्या वेळाने आतून एक घोगरा, नवखा, पण सुरात असलेला आवाज ऐकू आला. आणि त्याच्याखाली पेटी.

यंदाच्या नवरात्रात दोघं परत त्याच स्पर्धेत उतरले. नवीन भजन, नवीन पट्टी. सुरुवातीची चाल पेटीवाल्याने स्वतः थोडी फिरवून बसवली होती. नंबर आला का? नाही आला. पहिलाही नाही, दुसराही नाही. खंजिरीवाल्याचा आवाज एका ठिकाणी सटकलाच. पण तिथे पेटीवाल्याने तो सूर असा काही भरून काढला की खालच्यांना कळलंही नाही. मी मात्र ते ऐकलं. परतीच्या जीपमध्ये दोघं वाद घालत होते. मला वाटलं, झालं पुन्हा सुरू! कान देऊन ऐकलं, तर पुढच्या वर्षी कोणतं भजन घ्यायचं यावर भांडण चाललं होतं. असं भांडण मला फार आवडतं.

आणि ती ढाल? परवा खंजिरीवाल्याच्या घरी गेलो होतो. ढाल टीव्हीच्या मागे धूळ खात होती. मी विचारलं, "हा आठवडा कोणाचा?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणालाच सांगता येईना! शेवटी त्याच्या आईने ती पुसून माझ्याच हातात दिली आणि म्हणाली, "गुरुजी, शाळेत ठेवा. इथं जागा नाही." आता ती ऑफिसच्या कपाटावर आहे. खाली एक पट्टी चिकटवली आहे, त्यावर दोन नावं आहेत. पेटीवाल्याचं आधी लिहिलं आहे. ते खंजिरीवाल्याने सांगितलं.

बरं का, आता तुमच्यासाठी दिवाळीच्या सुट्टीतलं काम. सोपं आहे. तुमचं सगळ्यात आवडतं एक गाणं घ्या. डोळे मिटून तीन वेळा ऐका. पहिल्या वेळी फक्त आवाज ऐका. दुसऱ्या वेळी फक्त वाद्यं ऐका आणि किती ओळखू येतात ती वहीत लिहा. ढोलकी, बासरी, व्हायोलिन, पेटी, जे येईल ते. तिसऱ्या वेळी गाणाऱ्याचा आवाज थांबतो तिथे कोण गाणं सांभाळतं ते शोधा. मग घरातल्या मोठ्यांच्या मदतीने त्यातल्या निदान एका वादकाचं किंवा संगीतकाराचं नाव शोधून काढा. नाव सापडलं की मला पत्राने कळवा. आणि तुमच्या वर्गात, तुमच्या गावात असा कोणी पेटीवाला असेल, ज्याचं फक्त कोपर दिसतं, तर त्याच्याबद्दलही लिहा. त्याला आधी विचारून, बरं का!

तुमचा,
गुरुजी